निम्मा दृष्टांत

अंजना नदीच्या पात्रातला शेवटचा खांब उभा राहिला, त्या आनंदात कंपनीनं अप्पारावांना शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं, आणि दीपमालेच्या पोटात वर्षभर राखेखाली धरून ठेवलेला निखारा पुन्हा लाल झाला.

ठरलं ते शहरात, औरंगपुऱ्यातल्या ऑफिसात. खाली भांड्यांची दुकानं, वर कंपनीच्या दोन खोल्या. मिहिर साहेब तिच्याहून वयानं लहान, हुद्द्यानं मोठे. मनानं वाईट नव्हते. त्यांनी खालून चहा मागवला आणि म्हणाले, "ताई, गोड बातमी आहे. अप्पाराव आपल्या बाजूला आले."

"कसे काय आले?"

"पुलामुळं त्यांचं जुन्या रस्त्यावरचं हॉटेल आडबाजूला पडत होतं ना? त्यांना आपल्या कामगारांच्या जेवणाचं काम दिलं. आता गावात विरोध नाही, अफवा नाहीत. वरची मंडळी खूश आहेत. सामाजिक जोखीम मिटली म्हणतात. सप्ताहाच्या काल्याला सगळा गाव जमतो, तिथंच सत्कार करू."

दीपमालेनं चहा तोंडाला लावला नाही. "आणि माझ्या भावाचा हात?"

मिहिर साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. "ते प्रकरण पोलिसांत आहे, ताई. जमाव होता. जमावाला नाव नसतं."

"जमावाला नसंल. जमाव उठवणाऱ्याला असतं."

"पुरावा?"

ती उठली. चहावर साय धरली होती.

दीपमालेचं काम सांगायला सोपं, करायला अवघड. पिशोरच्या अलीकडं जांभळखेडं नावाचं गाव आहे, तिथं अंजनेवर मोठा पूल होत होता. पूल बांधणारी माणसं वेगळी, आणि गावाच्या मनातलं ऐकायला ठेवलेली ही बाई वेगळी. बायकांच्या ओट्यावर बसायचं, पारावर थांबायचं, कुठली अफवा निघाली ते कानावर घ्यायचं आणि तिला पाय फुटायच्या आत उत्तर द्यायचं. पुलाच्या हादऱ्यानं विहिरी आटतील म्हणाले, तर हिनं विहिरीत दोर सोडून पाणी मोजून दाखवलं. नदीचं पाणी विटाळंल म्हणाले, तर हिनं खांबापासचं पाणी ओंजळीनं पिऊन दाखवलं. ती कन्नड तालुक्याचीच, शेतकऱ्याची लेक. लोक तिला 'कंपनीची बाई' म्हणायचे, पण सप्ताहात जेवायला आपल्या पंगतीत बसवायचे. सगळ्या अफवा तिनं मोडल्या. एक तेवढी मोडली नाही, आणि ती तिच्याच घरावर येऊन पडली.

झालं असं होतं.

गेल्या मार्गशीर्षात जांभळखेड्याच्या हरिनाम सप्ताहात पुंजाराम महाराजांचं कीर्तन झालं. सप्ताहाचे प्रमुख अप्पाराव. महाराजांची वाणी अशी की, ऐकणाऱ्याच्या हातातली तंबाखू हातातच राहावी. गावात पुलाचं काम निघालेलं, म्हणून महाराजांनी पुलाचाच दृष्टांत घेतला. एक राजा पूल बांधायचा, पूल पडायचा. बांधायचा, पडायचा. शेवटी एक साधू आला आणि म्हणाला, राजा, हा पूल बळी मागतो. घरातलं सगळ्यात लाडकं जे असंल, ते पायात घातल्याबिगर पूल उभा राहणार नाय. प्रजेनं आपापली लेकरं छातीशी धरली. मग पुढं एक म्हातारी आली. म्हणाली, बाबांनो, लेकरं काहून लपवता? आपल्याला सगळ्यात लाडका कोण, तर हा 'मी'. त्याच्यापायीच विटा निसटायल्यात. ह्याला गाडा पायात. आणि राजानं आधी आपला मुकुट पायात टाकला.

कीर्तनात दृष्टांत असतो तो सिद्धांतासाठी. दोर घागरीसाठी असतो तसा. घागर सोडून नुसता दोर विहिरीत टाकला तर पाणी येत नाही, आणि कुणाच्या गळ्यात पडला तर फास होतो.

अप्पारावांच्या मोबाइलवरून महाराजांचा निम्माच दृष्टांत गावोगावच्या ग्रुपवर गेला. 'पायात घातल्याबिगर पूल उभा राहणार नाय' इथं तोडलेला. खाली ओळ घातलेली, की जांभळखेड्याच्या पुलाला पोरं लागायलीत, कंपनीची पिवळ्या जाकिटातली माणसं फिरायलीत, लेकरं सांभाळा. महाराजांचं तोंड, महाराजांचा आवाज, मागं विठ्ठलाची मूर्ती. मग कोण म्हणंल खोटं?

दीपमालेचा धाकटा भाऊ सुदर्शन वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जायचा, पण ओळख विचारली तर कारखाना सांगायचा नाही. मृदंग वाजवतो म्हणायचा. बन्सीबुवांचा शिष्य. त्या पौषात तो सांजच्याला पिशोरला कीर्तनाच्या साथीला निघाला होता. थंडी होती म्हणून त्यानं बहिणीचं कंपनीचं पिवळं जाकीट चढवलं. मृदंगाची खोळ उसवलेली होती, म्हणून मृदंग आईच्या शालीत गुंडाळला आणि मोटरसायकलवर आपल्यापुढं मांडीत धरला. अप्पारावांच्या हॉटेलपुढच्या वळणावर लोकांनी गाडी आडवली. पिवळं जाकीट. पुढ्यात शालीत गुंडाळलेलं, लेकराएवढं काहीतरी.

कुणीतरी ते गाठोडं ओढून घेतलं, वाचवायला म्हणून छातीशी धरलं, आणि शालीवरनं हात फिरवला. ते गार लागलं. कडक लागलं. तो ओरडला, "थंड पडलंय रे. मेलंय."

मग काय राहिलं?

गाठोडं कुणी उघडलं नाही. पोलिस आले तेव्हा उघडलं. तोवर मृदंगाची उजवी पुडी, म्हणजे चामड्याचं तोंड, लाथेनं फाटली होती आणि सुदर्शनच्या उजव्या मनगटाचा चुरा झाला होता. मारणाऱ्यांत निम्मे लोक असे, की ज्यांनी महिन्याआधी सप्ताहात त्याच्याच मृदंगावर ताल धरला होता.

हाड जुळलं, पण मूठ वळेना. कारखान्यानं हलकं काम दिलं. ठरलेली सोयरीक मोडली. पोरीच्या मामानं निरोप धाडला, की तसं आमच्या मनात काही नाही, पण लोक म्हणतात काहीतरी असंल म्हणूनच मारलं. दीपमालेला भावाच्या हाताचं दुःख होतंच. पण 'काहीतरी असंल' ह्या दोन शब्दांनी ती रोज जळत होती. तो शब्द गावात अजून जिता होता. ओट्यावर ती येऊन बसली की बऱ्याच बायका पोरांना आत बोलवायच्या नाहीत. पण एखादी बोलवायची.

सत्काराचं आमंत्रण घेऊन कंपनीनं तिलाच अप्पारावांकडं धाडलं.

हॉटेलातली दुपारची गर्दी ओसरली होती. अप्पाराव गल्ल्यावर, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, मनगटात घड्याळ. माणूस तोंडाचा गोड.

"ये पोरी, बस. चहा साखरेचा का बिगर साखरेचा?"

"कसलाही चालतो, अप्पा."

"साखरेचा घे मग. कंपनीची माणसं लई कडू बोलतात."

ती हसली नाही. आमंत्रण पुढं ठेवलं. अप्पारावांनी ते डोक्याला लावलं, जसं काही देवळातून आलं होतं. गावातलं बोलणं मोबाइलवर टिपून घ्यायचं ही तिच्या कामाची सवय. फोन मांडीवर चालूच होता.

"एक विचारू का, अप्पा? महाराजांची ती क्लिप तुम्हीच काढली ना?"

"मंग? मीच काढली. लपवायचं काय त्यात? एक अक्षर माझं नाय. सगळं महाराजांच्या तोंडचं."

"निम्मं होतं."

"अगं, आख्खं कोण बघतंय आजकाल? लई लांबलं असतं." अप्पाराव खुशीत हसले, मग सुपारी कातरता कातरता हळू झाले. "माझं हॉटेल चाललं होतं, पोरी. आजोबाच्या काळापासून हितं गाड्या थांबतात. म्हणलं, काम जरा चार महिने अडकंल, कंपनी दारात येईल. आली का नाय? तुझ्या भावाचं वाईट झालं. पण मी त्याला बोट लावलं नाय. हितंच बसलो होतो, ह्या गल्ल्यावर."

"इथून दिसत होतं?"

"दिसत होतं ना."

"मग उठला का नाही?"

"गिऱ्हाईक होतं." ते म्हणाले आणि वैतागले. "आता सगळंच माझ्या अंगावर घालशील काय? उद्या म्हणशील, मीच पोरं उचलतो आन् पुलाखाली पोचवतो. चहा पी, थंड होतोय."

तिनं चहा पिला. शेवटचा घोट घेईतो तिला कळून चुकलं होतं, की आपल्या मांडीवर काय पडलंय.

त्या संध्याकाळी वाळूजच्या भाड्याच्या घरात सुदर्शन डाव्या हातानं कणीक मळत होता. मृदंगाच्या डाव्या अंगाला, धुमेला, ओली कणीक लावतात, त्याशिवाय तिला गांभीर्य येत नाही. कणकेला किती पाणी हे त्याच्या डाव्या हाताला लहानपणापासून ठाऊक. आता ती कणीक नुसत्या पोळ्यांसाठी होती.

दीपमाला कोपऱ्यात बसून मोबाइलवर कापाकापी करत होती. मागचं तोडलं, पुढचं तोडलं. उरलं ते अप्पारावांच्या आवाजात खणखणीत: "मीच पोरं उचलतो आन् पुलाखाली पोचवतो." तिनं ते ऐकलं. पुन्हा ऐकलं. पोटात ऊब आली, थंडीत शेकोटीपाशी बसल्यावर येते तशी.

"अप्पांचा आवाज हाय ना?" सुदर्शननं मान वर न करता विचारलं.

"व्हय."

"आधीचं कापलंस."

"कशावरून?"

"सम हुकली, अक्का. माणूस वाक्य असं मधूनच उचलत नाय." आणि तो कणकेचे गोळे करायला लागला.

तिचा अंगठा पाठवायच्या खुणेवर होता. ग्रुप तेच, गावं तीच. एका तासात अप्पारावांच्या हॉटेलपुढं माणसं जमली असती. तिला ते सगळं दिसत होतं. आणि ते बघता बघता तिला त्या गर्दीचं तोंड दिसलं. गर्दीला काय, आज ह्याला, उद्या त्याला. पाच मिनिटांत मारतील आणि मारून झालं की अप्पाराव बिचारा होईल. दवाखान्यात लोक त्याला सफरचंदं घेऊन जातील. 'काहीतरी असंल' हे त्याच्याही मागं लागंल, आणि मग सुदर्शनमध्ये आणि त्याच्यात फरक तो काय राहिला?

तिनं तो तुकडा पुसून टाकला. दया आली म्हणून नव्हे, हे सांगितलं पाहिजे. तिला अप्पाराव धडधाकट हवा होता. कान शाबूत, जीभ शाबूत, आणि पुढ्यात सगळा गाव.

मूळचं बोलणं तसंच ठेवलं होतं, तेही तिनं कुणाला ऐकवलं नाही. क्लिपीनं भाजलेल्या गावाला दुसरी क्लिप दाखवली, तर गाव म्हणणार, ही पण कापलेलीच. आणि कंपनीची बाई कापणार नाही तर कोण?

दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरनं गाठोडं काढलं. शाल धुतलेली नव्हती. मृदंग फाटलेला तसाच होता. गाठी मारल्या आणि ती औरंगपुऱ्यामागच्या गल्लीतल्या विठ्ठलमंदिरात बन्सीबुवांकडं गेली. सुदर्शनचे गुरू. सत्तरी उलटलेले, बोटांच्या पेरांना घट्टे, बोलणं कमी.

"उघडा, बुवा."

बुवांनी गाठी सोडल्या. शालीवरचे काळे डाग बघितले. फाटक्या पुडीवरच्या काळ्या शाईवरून हात फिरवला. "ही शाई मी भरली होती," एवढंच म्हणाले. मग विचारलं, "काय पाह्यजे तुला, माय?"

"काल्याच्या दिवशी जांभळखेड्यात मृदंग वाजू नये."

"देवाचं कीर्तन बंद पाडायला सांगायलीस. पाप हाय ते."

"बंद पाडा नाय म्हणत मी. शपथ नको, बंदी नको, खोटी कारणं तर मुळीच नको. जे झालं ते वादकांना सांगा. सगळं, आख्खं. ते ऐकून ज्याला वाजवायचं, त्यानं खुशाल वाजवावं."

बन्सीबुवांनी तिच्याकडं बघितलं. देवळात इतकी वर्षं बसलेल्या माणसाला कळतं, समोरचं डोकं नमस्काराला वाकलंय का टक्कर द्यायला.

"लई खोल सूड हाय तुझा," ते म्हणाले. "पण ताल बरोबर हाय."

अफवा एका सांजेत तालुका फिरली होती. खऱ्याला महिना लागला. तालुक्यात वादक ते किती, सगळे एकमेकांचे गुरुबंधू, नाहीतर गुरुबंधूचे शिष्य. बन्सीबुवा नाव सांगायचे, दीपमाला सुट्टीच्या दिवशी गाठोडं मांडीवर घेऊन जायची. कुणाच्या मळ्यात, कुणाच्या दुकानात. ती आधी काही सांगायची नाही. गाठोडं पुढं ठेवायची आणि म्हणायची, "उघडा, माउली." प्रत्येकाला तिनं ते आपल्या हातानं उघडायला लावलं. मगच बोलली.

पुंजाराम महाराजांकडं ती सगळ्यात शेवटी गेली. त्यांच्या कीर्तनावर तिचा जीव होता, म्हणून त्यांच्यावरचा राग जास्त होता. पाया पडली, आणि पडूनच बोलली.

"महाराज, तुमच्या तोंडचं निम्मं गावात फिरलं. उरलेलं निम्मं तुमच्या पोटात राह्यलं."

महाराज म्हणाले, "मी बोललो असतो तर गावात दोन तट पडले असते, बाई. सप्ताह मोडला असता."

"सप्ताह राह्यला, महाराज. मनगट मोडलं."

महाराजांनी डोळे मिटले. तिला वाटलं, आता काही उपदेश येईल. आला नाही. "काल्याला मीच हाय," ते म्हणाले. "ये तू."

काल्याच्या दिवशी जांभळखेड्यात मुंगीला वाट नव्हती. मांडवात डावीकडं बाया, उजवीकडं गडी. वर हंडी बांधलेली, परातींत लाह्या, दही, डाळं, हिरवी मिरची. अप्पाराव पांढरा फेटा बांधून व्यासपीठाच्या कडेला. त्यांच्यापलीकडं खुर्चीवर मिहिर साहेब, मांडीवर शाल-श्रीफळाचं ताट.

महाराज गादीवर उभे राहिले. वीणेकरी उभे, टाळकरी दोन्ही अंगांना उभे. आणि आठवडाभर ज्यानं मृदंग वाजवला होता तो वादक पुढं आला, महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं, मृदंगाची खोळ चढवली आणि खाली गड्यांत जाऊन बसला.

"काय रे? बरं नाय का?" अप्पारावांनी विचारलं.

"बरं हाय, अप्पा. आज हात जोडतो. सुदर्शनला विचारा. तो म्हणला तर वाजवतो."

अप्पारावांनी हसून घेतलं आणि मोबाइल काढला. पिशोरच्या वादकाला लावला. तो म्हणाला, सुदर्शनला विचारा. कन्नडच्याला लावला. सुदर्शनला विचारा. तिसरा तर मांडवातच बसला होता, फोन त्याच्या खिशात वाजला आणि शेजारचे हसले. अप्पारावांचा फेटा सरकला. गावाच्या सप्ताहाला त्यांच्या आजोबांपासून खंड नव्हता. काल्याचं कीर्तन झालं नाही तर तो खंड त्यांच्या नावावर लागणार होता, आणि जन्मभर लागलेला राहणार होता.

"मोबाइलमध्ये मृदंग असतो आजकाल," ते माइकवाल्याला म्हणाले. "लाव रे."

भोंग्यातून यंत्राचा ठेका सुरू झाला. महाराजांनी हात वर केला. "ते बंद करा, अप्पा. मृदंग आल्याबिगर मला चरण उचलता येत नाय." आणि चिपळ्या धरून ते तसेच उभे राहिले.

टाळकऱ्यांनी टाळ खाली घेतले.

तेव्हा दीपमाला बायांतून उठली. कडेवर गाठोडं होतं, लेकराला घेतात तसं. बाया पाय ओढून वाट देऊ लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "कुणाचं लेकरू गं?" आणि म्हणता म्हणताच तिनं तोंडावर पदर घेतला.

दीपमालेनं गाठोडं व्यासपीठावर अप्पारावांच्या पुढ्यात ठेवलं.

"उघडा, अप्पा."

"पोरी, कार्यक्रमात हे काय? मागनं बोलू."

"त्या दिवशी तुमच्या हॉटेलपुढं हे कुणी उघडलं नाय. तुम्ही बघत होता. आज तुम्ही उघडा."

अप्पारावांनी मिहिर साहेबांकडं बघितलं. मिहिर साहेबांनी दीपमालेकडं बघितलं, नोकरी जायची भीती तिच्या चेहऱ्यावर कुठं दिसती का ते. मग त्यांनी शाल-श्रीफळाचं ताट उचललं आणि खुर्चीखाली सरकवलं.

गाठी तिनं सकाळी आपल्या हातानं आवळल्या होत्या. अप्पारावांची बोटं चालेनात. माइक जवळ होता, त्यांचा श्वास सगळ्या मांडवाला ऐकू येत होता. पहिली गाठ सुटली. दुसरी सुटेना, तेव्हा ते खाली बसले. कुणी मदतीला उठलं नाही. शाल उलगडली, डाग दिसले, आणि फाटक्या तोंडाचा मृदंग त्यांच्या मांडीवर आला.

गड्यांतून सांडू उठला. नदीकाठचा शेतकरी, कीर्तनात सगळ्यात पुढं बसणारा. "गार लागलं होतं मला," तो म्हणाला. "मीच म्हणलं होतं, मेलंय." आणि तो उभाच राहिला, बस म्हणायला कुणी नव्हतं.

"आता उरलेलं निम्मं सांगा," दीपमाला अप्पारावांना म्हणाली.

"महाराज सांगतील."

"माझं सांगून झालं गेल्या साली," महाराज म्हणाले. "पुढं म्हातारी आली, अप्पा. चला."

अप्पारावांनी ओठ ओले केले. "म्हातारी आली. म्हणली... लेकरं काहून लपवता. सगळ्यात लाडका, मी."

"मागं ऐकू येत नाय," बायांच्या शेवटच्या रांगेतून दगडाबाई म्हणाली. हिची नातवंडं वर्षभर घराबाहेर खेळली नव्हती.

"सगळ्यात लाडका मी. त्याला गाडा पायात."

"आन् कापलं कुणी?" दगडाबाईच.

"मी कापलं."

"कशापायी?"

"हॉटेलासाठी."

"आन् तो पोरगा?"

अप्पारावांनी मांडवाच्या दाराकडं बघितलं. तिथं सुदर्शन उभा होता. बहिणीनं बोलावलं नव्हतं, बन्सीबुवा घेऊन आले होते. उजवा हात खिशात.

"तो मृदंग घेऊन चालला होता. कीर्तनाला. दुसरं काय नव्हतं."

"ऐकू येत नाय, अप्पा."

त्यांना ते पुन्हा सांगावं लागलं. मग आणखी एकदा, कारण दगडाबाईला खरंच कमी ऐकू यायचं का नाही हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्या दिवशी कुणी विचारलं नाही. मांडवात मोबाइल वर झाले होते. दीपमाला माइकपाशी गेली आणि म्हणाली, "काढायचं तर आख्खं काढा. आधीपासून शेवटपर्यंत. लांबलं तर लांबू द्या."

खाली बसलेल्या वादकानं सुदर्शनकडं बघितलं. सुदर्शननं दीपमालेकडं बघितलं. तिचं चाललं असतं तर तिनं तो मांडव संध्याकाळपर्यंत तसाच बसवला असता. सुदर्शननं मान हलवली. वादकानं खोळ काढली, ओली कणीक धुमेला लावली, महाराजांनी चरण उचलला आणि टाळ कडाडले. गाव रडत होता का गात होता, सांगता येत नव्हतं.

हंडी फुटली. काल्यात घास आपला आपण खायचा नसतो. एकानं दुसऱ्याच्या तोंडात घालायचा, आणि नाही म्हणायचं नसतं. शत्रूचा असला तरी. सांडूनं सुदर्शनला घास दिला, पाय धरले. अप्पाराव आले. त्यांच्या बोटांतून दही ओघळत होतं. सुदर्शननं तोंड उघडलं आणि खाल्लं. त्याचं मन त्याच्या आईवर गेलेलं.

मग अप्पारावांनी तसाच हात दीपमालेपुढं केला. आजूबाजूच्या बाया थांबल्या.

तिनं नाही म्हटलं नाही. तोंडही उघडलं नाही. पदराचं टोक पसरलं, घास त्यात घेतला आणि गाठ मारली.

"खाईन, अप्पा. त्याची मूठ वळंल त्या दिवशी."

सुदर्शन हळूच म्हणाला, "अक्का, पुरे आता."

"तुझं पुरे झालं असंल," ती म्हणाली.

सत्कार झाला नाही. दीपमालेला ऑफिसनं जाब विचारला, मिहिर साहेबांनी उत्तर आपल्या नावानं दिलं, नोकरी राहिली. जांभळखेड्यात पुलाला पोरं लागतात असं नंतर कुणी म्हटलं नाही. सुदर्शन दर गुरुवारी बन्सीबुवांकडं जातो, उजव्या हाताची बोटं चामड्यावर नुसती टेकवून बसतो. बुवा म्हणतात, घाई नाय.

आणि दीपमाला कामाला गावात गेली की जुन्या रस्त्यानंच जाते. अप्पारावांच्या हॉटेलात बसते, साखरेचा चहा मागते. वाळून खडा झालेल्या लाह्यांची ती गाठ आता ती रुमालात बांधून आणते. गल्ल्यासमोरच्या टेबलावर, अप्पारावांना नीट दिसंल अशी ठेवते, आणि सावकाश चहा पिते.